दाजींच्या नावापुढचा आकडा

*मॅडम, मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करते, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे ‘दैनंदिन सामाजिक वर्तन आणि सायकोपॅथिक गुणवैशिष्ट्ये’. हे गुण, म्हणजे दुसऱ्याबद्दल कळवळा नसणं, पश्चात्ताप न होणं, लोकांना वापरून घेणं, मोजणारी लेव्हन्सन यांची प्रश्नावली मीच मराठीत केली, गूगल फॉर्मवर टाकली आणि सुरुवात म्हणून घरच्या, नात्यातल्या चौदा जणांकडून भरून घेतली. ‘स्वभावाचा सर्व्हे आहे, नाव कुठेही येणार नाही’ असं सांगितलं होतं. पण ईमेल गोळा करायचं सेटिंग चालूच राहिलं होतं, त्यामुळे कुणाचं उत्तर कुठलं ते दिसलं. सगळ्यांत जास्त गुण माझ्या दाजींचे आले, १०४ पैकी ७१. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. दाजी बोलायला गोड, सगळ्या पाहुण्यांत लाडके. पण आजीच्या तेराव्याला अंगणात उभं राहून हसत हसत फोनवर प्लॉटचा सौदा करत होते. ताईच्या पाटल्या तिला न विचारता गोल्ड लोनला ठेवल्या. तिला तीन महिन्यांनी कळलं, तर म्हणाले, ‘तुला कशाला टेन्शन?’ समोरच्यानं जांभई दिली तरी त्यांना येत नाही, हे मी रविवारी जेवणानंतर मुद्दाम तपासलं. मी आईला गुण सांगितले, आईनं मावशीला, मावशीनं ताईला. आता ताई माझा फोन उचलत नाही. दाजींना अजून माहीत नाही. दाजी सायकोपॅथ आहेत का? ताईला सावध करायला नको का? आणि गाइडना काय सांगू?*
*— रेणुका (नाव बदललं आहे)*

रेणुका,

पहिला प्रश्न आधी निकालात काढते, कारण बाकीचे दोन त्याच्यावर टेकले आहेत. ७१ या आकड्यावरून दाजी सायकोपॅथ ठरत नाहीत. ठरत नाहीत म्हणजे ‘नाहीत’ असंही नव्हे. त्या कागदाला हा प्रश्न विचारायचाच नसतो.

तुझी प्रश्नावली १९९५ सालची. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींवर आजमावलेली, तुरुंगाबाहेरच्या, रोज बस पकडून कामाला जाणाऱ्या माणसांत हे गुण कमीजास्त कसे पसरलेले असतात ते पाहण्यासाठी. विधानं २६, प्रत्येकाला १ ते ४ गुण. त्यामुळे सगळ्यात सज्जन माणसालाही शून्य मिळत नाही, २६ मिळतात. ७१ ला २६ नं भाग. पावणेतीनच्या जवळ येतं. ‘थोडासा असहमत’ आणि ‘थोडासा सहमत’ यांच्या मधोमध, जरा सहमतीकडे कललेलं. आकडा म्हणून सांगितला तर घर हादरतं, पण दाजींनी प्रत्यक्षात एवढंच म्हटलंय.

आता मला एक सांग. उलट गुण दिलेस का? त्या २६ मध्ये ७ विधानं उलटी आहेत. ‘माझ्या बोलण्यानं कुणाला दुखावलं तर मला वाईट वाटतं’ अशा धाटणीची. त्यांना ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्याला ४ नाही, १ गुण द्यायचा असतो. गूगल शीटमध्ये सरळ बेरीज केली असशील तर या सातांत भल्या माणसाच्या खात्यावर २१ गुणांपर्यंत फुकटचे चढतात. पत्रात याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून विचारते.

भाषांतराचं त्याहून वाईट होऊ शकतं. एका विधानाचा अर्थ असा आहे की काही विकण्यासाठी कितीही आटापिटा करत असलो तरी मी त्याबद्दल खोटं बोलणार नाही. हे मराठीत नकारार्थी वाक्य झालं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मोबाइलवर फॉर्म भरणारा माणूस हे वाचून मनात म्हणतो, ‘नाही बुवा, मी नाही खोटं बोलत’, आणि बोट पडतं ‘असहमत’वर. इंग्रजीतही असा गोंधळ होतो, पण आपण होकारसुद्धा ‘नाही, नाही’ म्हणून देतो, त्यामुळे आपल्याकडे जरा जास्तच. म्हणून तर भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळ वाक्याशी ताडून बघतात, आणि मग पाचदहा जणांना समोर बसवून विचारतात, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ तू हे केलेलं दिसत नाही. शिवाय भरपूर पैसा मिळवणं हेच माझं सगळ्यात मोठं ध्येय आहे, असंही एक विधान त्यात आहे. अंगावर कर्ज असलेला कुठलाही माणूस तिथे काय खूण करेल?

तुझ्या मनात येईल की दाजी फॉर्मवर खोटं बोलले असतील, मग खरा आकडा याहून मोठाच. हा तर्क सगळेच करतात. पण या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा उलटं दिसलं. ज्यांचे गुण जास्त, ते स्वतःला चांगलं दाखवायची धडपड कमीच करतात. ज्याची लाज वाटत नाही ते कशाला लपवायचं? तेव्हा हा तर्क तुला दाजींच्या बाजूनंही वापरता येणार नाही आणि विरुद्धही.

बरं, चौदा जणांत कुणीतरी एक सगळ्यात वर येणारच ना? दाजींनी फॉर्म भरला नसता तर मावशी पहिली आली असती, आणि तुझं पत्र मावशीबद्दल आलं असतं.

खरं निदान कसं चालतं ते तुमच्या अभ्यासक्रमात असेलच, पण परीक्षेपुरतं वाचलेलं प्रसंगाला आठवत नाही. कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं काम करून सायकोपॅथीची तपासणी-सूची बनवली. तिची सुधारित आवृत्ती १९९१ ची. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा त्याहून जास्त आले तर ‘सायकोपॅथ’ हा शब्द वापरतात. हे गुण माणूस स्वतःला देत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ लांबलचक मुलाखत घेतो, शिवाय पोलिसांची, कोर्टाची, कामाच्या ठिकाणची कागदपत्रं समोर ठेवतो, कारण गोड बोलणाऱ्याच्या तोंडच्या हकिकतीवर विसंबायचं नाही हा तर त्या सूचीचा पायाच आहे. आणि प्रश्न सगळ्या आयुष्याचा असतो, एका दुपारचा नव्हे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तर ‘सायकोपॅथी’ असं स्वतंत्र निदानच नाही. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आहे, आणि त्यासाठी वर्तनाच्या तक्रारी वयाच्या पंधराव्या वर्षाआधीपासून असाव्या लागतात. दाजींच्या पंधराव्या वर्षाबद्दल तुला काय माहीत आहे? ते तुमच्या घरी आले तेव्हा त्यांना मिशा होत्या.

जांभईचं वाचून मी हसले, रागावू नकोस. तो अभ्यास मला माहीत आहे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातला, २०१५ चा, १३५ विद्यार्थ्यांवरचा. भावनिक थंडपणाचे गुण ज्यांचे जास्त, त्यांना दुसऱ्याची जांभई लागण्याची शक्यता थोडी कमी दिसली. बातम्यांनी त्याचं काय केलं ते तू वाचलंस. स्वतः संशोधकानं मात्र बजावलं होतं की शेजाऱ्याला जांभई आली नाही म्हणून त्याला सायकोपॅथ समजू नका. रविवारी पुरणपोळी झाल्यावर समोर बसून एकसारख्या जांभया देणाऱ्या मेव्हणीकडे दाजींनी काय म्हणून बघितलं असेल, कोण जाणे.

तेराव्याचंही मी फार मनावर घेणार नाही. आपल्याकडे तेराव्याला पंगतीत जिलबी वाढताना हसणारे, जमिनीचे आणि सोयरिकीचे विषय काढणारे अर्धे लोक असतात. बायकोची आजी, पिकलं पान, दिवस तेरावा. वागणं अजागळ होतं, एवढं म्हणू. तुला आजी गेल्याचं दुःख होतं म्हणून ते तुझ्या लक्षात राहिलं, आणि ७१ दिसल्यावर त्याला पुरावा म्हणून बढती मिळाली. आजारांचं पुस्तक वाचणाऱ्या मेडिकलच्या मुलांना प्रत्येक आजार स्वतःत दिसतो. मानसशास्त्राच्या मुलांना तो नातेवाइकांत दिसतो. तुझ्याआधी पुष्कळजणी या वाटेनं गेल्या आहेत.

आणि ‘त्यांना आतून काही वाटतच नाही’ हे इतक्या सहज बोलू नये, याला आणखी एक कारण आहे. नेदरलँड्समध्ये, ज्यांची सायकोपॅथी रीतसर तपासून ठरली होती अशा गुन्हेगारांना दुसऱ्याच्या हाताला इजा होतानाच्या चित्रफिती दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं बघा म्हटल्यावर मेंदूचा प्रतिसाद इतरांपेक्षा बराच मंद होता. त्या माणसाला काय होतंय ते अनुभवायचा प्रयत्न करा असं सांगितल्यावर मात्र फरक पुष्कळ कमी झाला. म्हणजे सिद्ध झालेल्या माणसांतही मामला एवढा सरळ नाही. तू अंगणातल्या फोनवरून ठरवते आहेस.

आता पाटल्या. तुझ्या पत्रातली खरी गोष्ट ही आहे आणि ती तू तेरावा आणि जांभईच्या मध्ये दडपून टाकलीस.

बायकोचं सोनं तिला न सांगता गहाण टाकणं आणि तीन महिने गप्प बसणं हे वाईटच. धंद्यातली अडचण असेल, हप्ता थकला असेल, शेअरमध्ये घातले असतील, कारण काहीही असो. ते वाईट म्हणायला दाजींचा स्वभाव मोजावा लागत नाही. उद्या त्यांचा आकडा ३५ निघाला तर पाटल्या परत येणार आहेत का? तो निघाला नाही आणि ७१ च राहिला, तरी सोनारकट्ट्यावर ७१ ला कुणी विचारत नाही. माहेरून आलेलं, लग्नात घातलेलं सोनं हे ताईचं स्त्रीधन. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पूर्णपणे तिचंच असल्याचं म्हटलंय, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाच्या व्याख्येत स्त्रीधन परस्पर वापरणं, विल्हेवाट लावणंही येतं. मी लगेच कोर्टाची पायरी चढा म्हणत नाही. फक्त तिच्या बाजूला काय आहे ते तिला माहीत असावं.

ताईनं करायच्या गोष्टी साध्या आहेत. गोल्ड लोनची पावती मागून घेणं, म्हणजे कर्ज किती, व्याज काय, मुदत कधी संपते आणि मुदत गेली तर लिलाव कधी, हे तिला कळेल. तिच्या नावावर आणखी काही कर्ज आहे का हे बघायला सिबिलचा सविस्तर अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो तिनं स्वतःच्या मोबाइलवर काढावा. कुठे कोरे चेक सही करून ठेवलेत का, पगाराचं पासबुक कुणाकडे असतं, हेही तिनंच बघायचं. पावती मागितल्यावर दाजी काय करतात ते महत्त्वाचं आहे. ओशाळून का होईना कागद पुढे करणारा नवरा आणि ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणत दोन दिवस अबोला धरून शेवटी तिलाच माफी मागायला लावणारा नवरा यांत फरक आहे. दुसरा प्रकार पैशात, कामात, मित्रांत, मुलांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडत असेल, वर्षानुवर्षं, तर त्याला नाव कुठलंही असो, ताईला मदत लागेल. तिला घरात भीती वाटत असेल किंवा हात उगारला गेला असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं.

पण हे ती तुझ्याकडून ऐकेल का? आज नाही. तिच्या बाजूनं बघ. धाकट्या बहिणीनं आपल्या नवऱ्याची परीक्षा घेतली, पेपर तपासला आणि निकाल मावशीपर्यंत पोचवला. ती फोन उचलत नाही यात मला नवल वाटलं नाही. तिला ‘समजावून’ सांगायला जाऊ नकोस. फोन उचलत नसेल तर मेसेज कर, छोटा. मी शब्द दिला होता की नाव कुठे येणार नाही, तो मीच मोडला. त्या आकड्याला काही अर्थ नाही, तो मी काढून टाकतेय, आईलाही तसं सांगितलंय. पाटल्यांचं मला मात्र खटकलंय, त्याबद्दल तुला हवं तेव्हा बोलू. बस्स. ‘पण’ लावून पुढे संशोधन जोडू नकोस. आईला खरोखरच सांग, आणि मावशीपर्यंत ते पोचवायची जबाबदारी आईची. मावशीकडे तू स्वतः गेलीस तर आणखी चार घरं कळतील.

दाजींना सांगायचं का? सांगायला हवं, कारण उत्तरं त्यांची होती आणि भरवसा त्यांनी ठेवला होता. गुण सांगायचे नाहीत, झालेली गोष्ट सांगायची आणि माफी मागायची. फक्त त्याआधी ताईला विचार. त्या घरात रात्री ती असते, तू नसतेस. ती ‘आत्ता नको’ म्हणाली तर आत्ता नको.

राहिले गाइड. त्यांना सगळं सांग, आजच. नात्यातल्या चौदाही ओळी शीटमधून काढ, नुसती दाजींची नको; मूळ फॉर्मची प्रतही पुसून टाक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सामाजिक आणि वर्तनाच्या अभ्यासांवरही प्रकरण आहे. तू ‘स्वभावाचा सर्व्हे’ म्हणून भरून घेतलंस, त्याला जाणती संमती म्हणत नाहीत. घरचा माणूस तुला नाही म्हणूच शकत नाही, म्हणून नातेवाईक घ्यायचेच नसतात.

विषय मात्र सोडू नकोस, चांगला आहे. १९४१ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेकली यांनी सायकोपॅथ माणसांबद्दल लिहिलं ते मनोरुग्णालयात पाहिलेल्या रुग्णांवरून, पुढचं काम बहुतेक तुरुंगात झालं. मग जे कधीच पकडले जात नाहीत त्यांचं काय? कॅथी विडम या बाईंनी सत्तरच्या दशकात बॉस्टनमध्ये चक्क वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मोहक, आक्रमक, बेफिकीर, बेजबाबदार पण माणसं हाताळण्यात तरबेज असे लोक हवेत. लोक आले! अभ्यास १९७७ मध्ये छापून आला. २०१० मध्ये बाबियाक, हेअर यांनी कंपन्यांतल्या २०३ अधिकाऱ्यांना तपासलं, तर हेअर यांच्या सूचीवर सुमारे ४ टक्के जणांना ३० किंवा जास्त गुण होते. त्यांचं बोलणं, कल्पकता यांना वरिष्ठांनी चांगले शेरे दिले होते, आणि प्रत्यक्ष कामाला वाईट. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. फक्त ते २०३ जण कंपन्यांनी बढतीच्या प्रशिक्षणासाठी निवडलेले होते, तेव्हा ‘दर पंचवीस साहेबांत एक’ असं प्रबंधात लिहू नकोस.

तुला काय करता येईल ते सांगते. विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागातले, तुला न ओळखणारे विद्यार्थी घे. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, ईमेल बंद. प्रश्नावली एकदा, आणि मग आठवडाभर रोज रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचे प्रश्न: आज कुणाला शब्द देऊन पाळला नाही असं झालं का, रांग मोडली का, उसने घेतलेले परत केले का, अनोळखी माणसाला मदत केली का. दैनंदिन वर्तन म्हणतेस ना, मग ते दैनंदिन मोज. प्रश्नावलीचे दोन भाग वेगळे ठेव. १६ विधानं स्वार्थी थंडपणाची, १० उतावळेपणाची, आणि उसने बुडवणं यातल्या कशाशी जास्त जोडलेलं आहे हा खरा प्रश्न आहे. माझा अंदाज उतावळेपणाकडे. आत्मप्रेम आणि डावपेची वृत्ती यांच्याशीही हे गुण बरेच मिसळतात, पॉल्हस आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये तिघांना एकत्र मांडलं ते त्यासाठीच, तेव्हा जमलं तर त्यांचीही छोटी मापनं जोड. निष्कर्ष गटाबद्दल लिही. एकाही माणसाबद्दल वाक्य लिहावंसं वाटलं तर ते खोड.

यानं सबमिशन लांबेल. मुदतवाढीचा अर्ज गाइडच्या सहीनिशी विभागप्रमुखांकडे जातो, म्हणून आधी गाइड. ते चिडतील. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी संमतीपत्रांची फाइल मागितली आणि तुझ्याकडे ती नसली, तर त्यापेक्षा हे चिडणं परवडलं.